वाराय म्हणजे काही नाही

मॅडमचा नवरा वारला त्या दिवशी सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरात आम्ही बायका पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. बाहेर पुरुषांची तयारी चालली होती. येईल त्या बाईला मॅडम एकच सांगत होत्या, "तो गेली. सकाळी सहा वाजता तो गेली." त्यांच्या मामेसासूने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. मग तिचे खांदे हलताना दिसले आणि कळलं, हसू दाबते आहे. ते हसू शेजारच्या दोघींना लागलं. मॅडमनी पाहिलं. क्षणभर थांबून त्यांनी मनातल्या मनात वाक्य उलटसुलट केलं, पण चूक सापडली नाही. पुढच्या बाईला त्यांनी हिंदीत सांगितलं. तिथेही चुकलंच.

मॅडम फिलिपाइन्सच्या. समार नावाच्या बेटावरच्या एका कोळ्यांच्या गावातल्या. कुवेतला नर्स होत्या. तिथे एसी दुरुस्त करणारा आमचा नागपूरचा माणूस त्यांच्या वॉर्डात अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घ्यायला आला, आणि पुढे मॅडम सक्करदऱ्यात आल्या. मराठी त्यांना कुणी शिकवली नाही. गल्लीतल्या बायका, भाजीवाल्या आणि घंटागाडीवरची बाई यांच्याकडून त्यांनी ती उचलली. त्यामुळे त्यांची सगळी क्रियापदं बायकी होती. पाऊस आली, डॉक्टर बोलली, नवरा जेवली. मी एकदा समजावायला गेले तर म्हणाल्या, "आमच्याकडे एकच आहे वं. हिया. तो पण हिया, ती पण हिया. माणूस आहे ना, बस झाली." फ त्यांना यायचा नाही. पोन म्हणायच्या, पुगा म्हणायच्या. देवाला पूल वाहिली म्हणायच्या, आणि समोरचा माणूस त्या पुलाचा विचार करत राहायचा.

माझी ओळख झाली ती धंतोलीतल्या त्यांच्या क्लासमध्ये. बाहेरदेशी जाऊ बघणाऱ्या नर्सेसना इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास, दवाखान्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मी हिंगणघाटकडच्या खेड्यातून नर्सिंग करून आलेली, इंग्रजी म्हटलं की घशाला कोरड. पहिल्या दिवशी मॅडमनी ना नाव विचारलं ना गाव. सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाल्या, "मी शेख आहे, तिकडची मालक. मी बोलते, पासपोर्ट दे. तुम्ही काय बोलणार?" आम्ही एकमेकींच्या मागे सरकलो. "बोला, नो सर!" आम्ही पुटपुटलो. "हे काय मांजर बोलून राहिली का? जोरात!" महिनाभर आम्ही तेवढंच शिकलो. आधी नो सर, मग नो मॅडम. आय विल नॉट, सर. वीस पोरी एका सुरात ओरडायच्या. खालच्या दातांच्या डॉक्टरांनी दोनदा माणूस पाठवला. मॅडम त्याला म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरले सांगा, तिकडे दात काढते, इकडे दात लावून राहिली मी."

स्वतः त्या कुवेतला हे कधी म्हणाल्या होत्या की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. डाव्या कोपराजवळ भाजल्याचा एक जुना डाग होता. पूर्ण बाह्या घालायच्या, मे महिन्यातसुद्धा.

मी कुठेच गेले नाही. धंतोलीतच एका हॉस्पिटलात लागले आणि नवरा गेल्यावर एकट्या राहिलेल्या मॅडमच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. तिथे राहायला लागल्यावर मला कळलं की या बाई कविता करतात. म्हणजे आधी मला वाटलं होतं, जप करतात. पहाटे पाचला उठून त्या स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत चालायच्या. नऊ पावलं जायची, नऊ यायची. तोंडाने एकच ओळ. तीस वेळा, चाळीस वेळा. मधल्या पातळ भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. नीट कान दिला तर कळायचं की दर खेपेला एखादा शब्द बदललेला आहे. कधी शेवटचा वर गेलेला, कधी मधला गळालेला. मग एकदम पावलं थांबायची, खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. ओळ बसली. लिहायच्या त्या आमच्या जुन्या परीक्षापेपरांच्या कोऱ्या पाठींवर. एका बाजूला माझ्या चुकांवरच्या लाल रेघा, दुसऱ्या बाजूला त्यांची कविता.

"कोणती भाषा आहे ही?" मी विचारलं.

"वाराय."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. वाराय म्हणजे नाही. साखर आहे का? वाराय. आमच्या भाषेचं नावच नाही आहे." मग माझा गोंधळलेला चेहरा बघून मोठ्याने हसल्या. मॅडम हसल्या की डोळे पूर्ण मिटायचे.

लोकांना वाटायचं, परक्या मुलखातली बाई, समुद्राच्या आठवणीने झुरत असेल. तसं विचारलंही जायचं. "करमत नसंल ना मॅडम तुम्हाले इथं?" मॅडम सांगायच्या, "इथं समुद्र नाही, म्हणून झोप लागते." त्या बावीस वर्षांच्या असताना एका वादळात समुद्र त्यांच्या गावात शिरला होता. वडील आणि धाकटा भाऊ गेले. घरात त्यांच्या कवितांच्या तीन वह्या होत्या, त्याही गेल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि वह्यांचं सांगताना आवाज जास्त हलला. ते त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्या उठून भांडी घासायला गेल्या.

एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी भरलं. गुडघ्याएवढं, फार नाही. सगळे मोटारी, फ्रीज, गाद्या वाचवत होते. मॅडम दिसेनात म्हणून मी जिन्याने वर गेले. त्या गच्चीवर टाकीला पाठ लावून बसल्या होत्या, भर पावसात. मांडीवर पाच लिटरचा प्रेशर कुकर, दोन्ही हातांनी कवटाळलेला.

"मॅडम, खाली चला. पाणी उतरून राहिलं."

"तू जा."

"कुकरमध्ये काय आहे?"

"कविता आहे. झाकण लागली की पाणी जात नाही. मी बादलीत बुडवून पाहिली आहे."

संध्याकाळपर्यंत त्या उतरल्या नाहीत. मी छत्री धरून शेजारी बसले. दुपारी तीनच्या सुमारास त्या म्हणाल्या, "माणसं वाचवायची असते पहिले. मले माहीत आहे." मी छत्री त्यांच्या बाजूला सरकवली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका वाचनालयात कविसंमेलन होतं. मॅडमच्या दिराची तिथे ओळख. "आमच्या परदेशी वहिनी पण कविता करतात," म्हणून त्याने नाव दिलं. आयोजकांनी नऊवारी नेसून या, सांगितलं. मॅडम पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गेल्या. एखादी छोटीशी मराठी कविता म्हणा, सांगितलं होतं. मॅडमनी वारायमधली कविता वाचली, पूर्ण अकरा मिनिटं. मी घड्याळ बघत होते, कारण चौथ्या मिनिटापासून खुर्च्या वाजायला लागल्या होत्या. एक गृहस्थ उठून चहाकडे गेले. मॅडम हलल्या नाहीत. संपल्यावर निवेदक धावत माईकजवळ आला. "वा! समजलं काहीच नाही, पण किती गोड भाषा!"

मॅडमनी माईक सोडला नव्हता. "समजली नाही, तर गोड कशी कळली?"

सभागृह हसलं. निवेदकही हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "ती कविता कुणावर होती सांगू? कुवेतमध्ये माझ्या खोलीतली पोरगी. गच्चीवरून उडी मारली तिनं. त्याले तो माणूस गोड बोलली."

त्यांच्या देशातल्या, आणि देशाबाहेर पांगलेल्या त्यांच्या लोकांच्या मासिकांनाही त्या कविता पाठवायच्या. एकदा परदेशातल्या एका संपादिकेचं पत्र आलं. घर सोडून गेलेल्यांच्या कवितांचं पुस्तक निघतंय, समुद्र, आई, विरह असं काही द्या. मॅडमनी वाळ्याच्या कूलरवर कविता पाठवली. उन्हाळ्यात पहिल्यांदा कूलर लावतात तेव्हा कुजक्या गवताचा जो वास येतो, त्यावर. ती परत आली. यात तुमचा देश कुठे दिसत नाही, असं लिहिलं होतं. मॅडमनी ते पत्र शांतपणे वाचलं, घडी घातली, आणि कूलरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली.

त्यांची कविता समजणारं एकच माणूस होतं, समारमध्ये राहिलेली मोठी बहीण. दर रविवारी सकाळी फोन लागायचा आणि मॅडम आठवड्याची कविता वाचून दाखवायच्या. बहीण शिकलेली नव्हती. पण एखाद्या ओळीला ती फोनवर नुसती "ऊं" करायची, आणि मॅडम ती ओळ खोडायच्या. मग बहीणही गेली. पुढच्या रविवारी मॅडम माझ्या दारात उभ्या. हातात कागद.

"बस. ऐक."

"मॅडम, मला काय समजणार?"

"समजू नको. ऐक पक्त."

मग दर रविवारी मी तुरीच्या शेंगा सोलत बसायचे आणि त्या वाचायच्या. हळूहळू मला त्याची सवय झाली. ओळ कधी परत येणार, कुठे आवाज उतरणार, ते आधीच कळायचं. अर्थ विचारायचं मी सोडून दिलं. मला वाटायचं, मी चांगली ऐकते. तीन वर्षं ऐकलं. मग माझं लग्न झालं, मी शहराच्या टोकाला, बेसाला राहायला गेले, आणि रविवार सुटले.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात माझी बाजू काय होती, ते मला कुणाला तरी सांगायचं आहे. बाजू म्हणजे सबब नव्हे.

मॅडम क्लासमध्येच पडल्या. पोरींनी उचलून रिक्षात घातलं आणि आमच्याच हॉस्पिटलात आणलं, म्हणून माझ्या वॉर्डात आल्या. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली. दोन दिवसांनी डोळे उघडले तेव्हा मराठी गेली होती, हिंदी, इंग्रजी सगळं गेलं होतं. मी जवळ जाऊन बोलले तर त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या, काच असावी मधे तसं. आणि मग बोलायला लागल्या. भराभर, न अडखळता.

मेंदूचे डॉक्टर राउंडला आले. "सिस्टर, अशा पेशंटचं असं होतं. ऐकायला भाषा वाटते, पण नुसते आवाज असतात."

"सर, त्यांची मातृभाषा आहे ती."

"असेल. पण अर्थ असेलच असं नाही."

मला राग आला. कारण मला ऐकू येत होतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर खेपेला एखादा शब्द बदललेला. शेवटचा वर जायचा, मधला गळायचा. मधूनच वाराय, वाराय. आपल्या भाषेचं नाव घेत होत्या. अर्धं अंग गेलं, चार भाषांमधल्या तीन गेल्या, पण बाई कविता करते आहे. आणि हे ओळखणारी सगळ्या नागपुरात मी एकटी.

मी फोन काढला आणि रेकॉर्ड करायला लागले. त्यांच्या बहिणीची मुलगी इटलीत एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी कामाला होती. तिला मी रोज ते पाठवत होते. तिला फोन आठवड्यातून एकदाच मिळायचा, त्यामुळे निरोप पोचला नसल्याची नुसती एकेक करडी खूण दिसायची. चार दिवस मी ड्युटी संपली की पलंगाजवळ उभी राहून फोन धरायचे. मॅडम माझ्याकडे बघून बोलायच्या, आवाज चढायचा. मी मान डोलवायचे. रविवारी डोलवायचे तशीच.

उजवं पाऊल खाली लोंबू नये म्हणून त्यांच्या पायाला प्लॅस्टिकचा साचा पट्ट्यांनी बांधला होता. दर शिफ्टला तो सोडून टाच बघायची असते. पहिल्या दिवशी मी बघितली. नंतर मी आले की त्या बोलत असायच्या, आणि मधेच पायाला हात लावला तर ओळ तुटेल, असं मला वाटायचं. चार्टवर मी बरोबरची खूण करत होते. माझी सही आहे तिथे.

गुरुवारी माझी सुट्टी होती. सकाळी बेसाला मी कुकर लावत होते तेव्हा त्या भाचीचा निरोप आला. इंग्रजीत होता. पहिली ओळ होती, सिस्टर, मावशी कविता म्हणत नाहीये.

खाली तिने सगळं उतरवून दिलं होतं. पाय. माझा पाय सोडा. पट्टी सोडा. इथे कोणी माणूस नाही. वाराय तावो, म्हणजे माणूस नाही. निळ्या कपड्यातली पोरगी येते आणि फोन धरते. पोरी, पाय सोड. माझा पाय जळतो. तिला सांगा. सांगायला कोणी नाही.

मी गॅस बंद केला की नाही, आठवत नाही. नवऱ्याने केला असणार. स्कूटीवर निघाले ती थेट वॉर्डात. साचा सोडला. टाचेवर सुपारीएवढी काळी जागा, भोवती लाल, आणि पट्टी मांसात रुतलेली. मॅडमना साखरेचा आजार होता. अशी जखम म्हणजे काय, हे मला पहिल्या वर्षाच्या पुस्तकापासून माहीत आहे.

मी ती धुतली. धुताना मराठीत काय काय बोलले, माझं मलाच माहीत नाही. मॅडम एकदाही ओरडल्या नाहीत. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर नऊ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसरी सिस्टर आली की बोलायच्या. मी आले की भिंत.

भाचीकडून मी चौदा शब्द मागवले. पाणी म्हणजे तुबिग, पाऊल म्हणजे तिइल, दुखणं, कूस, थंडी, लघवी. मोठ्या अक्षरात लिहून पलंगावर चिकटवले. वॉर्डातल्या आयाबाया, वॉर्डबॉय मामा, सगळे शिकले. "तुबिग का आजी?" असं विचारायचे. दहाव्या दिवशी मी विचारलं, "तुबिग?" त्यांनी मान हलवली. मी चमच्याने पाणी पाजलं. त्याला क्षमा म्हणता येत नाही. त्यांना तहान लागली होती.

जखम भरली नाही. सात आठवड्यांनी ताप चढला, आणि मग फार दिवस लागले नाहीत. मृत्यूच्या कागदावर कारणं लिहितात त्यात टाचेचा उल्लेख नाही. मी तीनदा वाचलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, त्या तशाही जगल्या नसत्या." ते माझ्या भल्यासाठी म्हणाले. ख्रिश्चन दफनभूमीत आम्ही सतरा जण होतो, त्यातल्या बारा क्लासच्या पोरी.

घर रिकामं करताना दिराने मला बोलावलं. दोन कुकर आणि तीन पिठाचे डबे भरून कागद निघाले. मी ते सगळे झेरॉक्सच्या दुकानात नेऊन स्कॅन करून भाचीला पाठवले. तिने वर्षभर सुट्टीच्या दिवशी बसून टाइप केले, आणि त्यांच्या बेटावरच्या एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक काढलं. कूलरची कविता त्यात आहे. आणि शेवटच्या पानावर, भाचीने नको म्हटलं तरी, संपादकाने माझ्या रेकॉर्डिंगमधले हॉस्पिटलातले ते बोल छापले. ओळी पाडून, वर शीर्षक देऊन. कवयित्रीची अखेरची कविता.

प्रकाशन ऑनलाइन होतं. शेवटची कविता जिने जपली ती नर्स, म्हणून मलाही पाच मिनिटं दिली. चौदा चौकटी होत्या पडद्यावर, कुणी कॅनडात, कुणी दुबईत, कुणी जहाजावर. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ही कविता नाही. त्या पट्टी सोडायला सांगत होत्या. मी शेजारी उभी होते, माझे दोन्ही हात चांगले होते, आणि एका हातात फोन होता.

भाचीने आपला कॅमेरा बंद केला. संपादक वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझे आभार मानले आणि घसा साफ केला. कार्यक्रमात पुढे त्याच पानाचं वाचन होतं, आणि त्यांनी ते केलं. चांगलं वाचलं. वाराय तावोशी ते थांबले, आवाज उतरवला. आता मला प्रत्येक शब्द समजत होता.

मी लॅपटॉप मिटला. दोनची ड्युटी होती. सात नंबरला गडचिरोलीकडचा एक म्हातारा आला होता, फक्त गोंडी बोलणारा. त्याचा मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. म्हातारा छताकडे बघत एकच काहीतरी परत परत म्हणत होता. नवी सिस्टर म्हणाली, "देवाचं नाव घेऊन राहिले, वाटते." मी पायांपासून सुरुवात केली. बोटं, टाचा, पोटऱ्या, सलाइनचा हात, पाठीखालची चादर. सगळं ठीक होतं. पाणी दाखवलं, नको. लघवीचं भांडं दाखवलं, नको. पंखा बंद केला, चालू केला. शेवटी मी त्याच्या नजरेच्या रेषेत डोकं आणून वर पाहिलं. ट्यूबलाइट थेट डोळ्यांवर येत होती. ती बंद केली तेव्हा तो गप्प झाला. वीस मिनिटं लागली.